दत्ताच्या मुंबईच्या गोतावळ्यात

मुंबईहून आल्यापासून शाळेतल्या बाया, पिठाच्या गिरणीतला भाऊ, एस. टी.चा कंडक्टर, सगळे एकच विचारतात, "बाई, मुंबईत काय काय पाहिलंत?" राणीची बाग पाहिली नाही. गेटवे पाहिला नाही. नटनट्यांचे बंगले कुठल्या रस्त्याला असतात ते मला ठाऊक नाही. मी मुलुंड, चारकोप आणि मनोरी पाहिली, असं सांगितलं की विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना मुंबई म्हणजे समुद्र आणि सिनेमा एवढंच हवं असेल त्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये.

मी गेले होते नातेवाइकांना भेटायला. हे नातेवाईक मी जन्मात पाहिलेले नव्हते, आणि ते आमचे कुणीच लागत नव्हते.

माझा धाकटा भाऊ दत्ता गेल्या दिवाळीपासून तुरुंगात आहे. चोरी नाही, मारामारी नाही. ऐन दुष्काळात रोजगार हमीचं खडी फोडायचं काम सरकारने बंद केलं, तेव्हा आमच्या गावच्या बाया तहसील कचेरीवर गेल्या आणि त्यांनी फाटकाला बाहेरून कुलूप घातलं. साहेब लोक दुपारभर आत. मोर्चा दत्ताने काढला, कुलूप बायांनी घातलं. चौकशी न करता माणूस आत ठेवता येईल असा एक कायदा आहे, तो दत्ताला लावला. आता तुरुंगाचे साहेब त्याच्यापुढे एक कागद ठेवून बसलेत. चूक झाली, पुन्हा करणार नाही, आणि कुलूप घालणाऱ्या बाया अमुक अमुक, असं लिहून सही कर आणि घरी जा. त्या अमुक अमुकमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी सखूबाई आहे, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया आहेत.

मार्गशीर्षात दत्ताला मुंबईहून पोस्टकार्डं यायला लागली. आम्हाला मुंबईत काळं कुत्रं ओळखत नव्हतं. पण वर्तमानपत्रातली बारीकशी बातमी वाचून मुलुंडच्या एका बाईंनी आपल्या ओळखीची माणसं गोळा केली आणि दर आठवड्याला लिहायचं ठरवलं. तुरुंगाचा नियम असा की पत्रं फक्त नातेवाइकांची. मग काय, एक आत्या झाली, एक मावशी, एक मामा. दत्ता भेटीत मला त्यांच्या गोष्टी सांगायचा. आत्याच्या घरी नळाला पाणी येत नाही, मावशी पहिल्याच ओळीत जेवलास का विचारते. सांगताना त्याचा चेहरा उजळलेला असायचा.

माघापासून कार्डं बंद झाली. चैत्रातल्या भेटीत दत्ता वाळलेला दिसला. "आक्का, मुंबईची माणसं दमली वाटतं," तो म्हणाला. "साहेब रोज म्हणत्यात, तुला भाईर कुत्रं इचारत न्हाई, कुणासाठी बसलाईस? वैशाख सरला की बघतो." काय बघतो ते मला कळलं. संक्रांतीला पडल्यापासून आमची आई अंथरुणावर आहे, दिवसातून दहादा दत्ता कधी येतो म्हणून विचारते. खरं सांगते, परतीच्या वाटेवर मला वाटलं, करू दे सही, येऊ दे घरी. घरात शिरले तर सखूबाई आईचे पाय चेपत बसली होती. मी तिच्याकडे न बघता आत गेले. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागल्याबरोबर पिशवी भरली आणि कार्डं का थांबली ते विचारायला मुलुंडचा पत्ता घेऊन निघाले.

मुलुंड

मुलुंडला दारं बंद असतात. आमच्याकडे भर दुपारी दार लावलं की शेजारी येऊन विचारतो, कोण आजारी आहे? इथे प्रत्येक मजल्यावर चार बंद दारं आणि दाराला एक काचेचा डोळा. मी आधी चुकीचं दार वाजवलं. आतल्या डोळ्याने मला निरखून पाहिलं आणि आवाज आला, "नको, आज काही घ्यायचं नाही." मी सडकून उत्तर देणार होते, तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

कुमुदताई सबनीस चांगल्या वजनदार बाई आहेत. कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज गल्लीपलीकडे जाणारा. विमा कचेरीत नोकरी करतात. त्यांना बघून मला खात्रीच पटली की या जेवलास का विचारणाऱ्या मावशी. पत्रावरून माणूस ओळखता येतो म्हणतात ते साफ खोटं आहे. या निघाल्या नळाच्या पाण्यावर लिहिणाऱ्या आत्या.

"दमलो? आम्ही?" त्या उलट्या माझ्यावरच कडाडल्या. "शालनबाई, दर गुरुवारी दत्ताला लिहिलेलं कार्ड पेटीत टाकल्याशिवाय मी भाजी चिरायला घेत नाही. विचारा ह्यांना!"

त्यांच्या यजमानांनी वर्तमानपत्राआडून मान डोलावली. "गुरुवारी आमचं जेवण उशिरा असतं," ते म्हणाले.

म्हणजे पत्रं निघत होती आणि पोचत नव्हती. मला इतकं हायसं वाटलं की साबुदाण्याच्या खिचडीत साखर घातलेली असूनसुद्धा मी दोनदा वाढून घेतली. आमच्याकडे उपासालाही मिरची लागते. कुमुदताई मात्र धुमसत होत्या. त्यांना मुळात मावशी व्हायचं होतं. "माय मरो, मावशी जगो म्हणतात. आत्याला कोण विचारतं? पण त्या परबांनी आधीच मावशी पटकावली. उद्या रजा टाकते. चला, त्यांच्याकडेच जाऊ. त्यांना काहीतरी ठाऊक असेल."

चारकोप

चारकोपला नवी वस्ती उठते आहे. सेक्टर नावाचे चौकोन पाडलेत, चौकोनात छोटे छोटे तुकडे, आणि प्रत्येक जण आपल्या तुकड्यावर ऐपतीप्रमाणे भिंती चढवतो आहे. परबांच्या भिंतींना अजून गिलावा नाही. घरधनी गिरणीत होते, संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, आता इथल्याच एका कारखान्याच्या फाटकावर बसतात. परबकाकू दिसायला बारीक, चष्मा, फिकं पातळ, मुख्याध्यापिका शोभाव्यात. तोंड उघडलं की मात्र मालवण.

"तू दत्ताची आक्का? बस गो बायो. जेवलंस?"

तांदळाची भाकरी, सुक्या बांगड्याची चटणी, सोलकढी. आमच्या माणदेशात मासा म्हणजे ओढ्याला पाणी असेल तेव्हा पोरांनी धरलेला. बांगड्याचा काटा माझ्या घशाला टोचला आणि मी खोकून खोकून लाल झाले. काकूंनी कोरड्या भाकरीचा घास कोंबला, पाठीत एक धपका घातला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

बोलणं चाललं होतं त्यांच्या मुलीच्या लग्नाचं. माघात झालं, चारकोपमध्येच मांडव घालून.

"दत्ताक आमंत्रण धाडलंय मी. कार्डाच्या कोपऱ्यांक हळदकुंकू लावून."

"तुरुंगात?" मी विचारलं.

"भाच्याक लग्नाक बोलवूचा नाय? जेलात आसा म्हणान काय झाला? आमंत्रण ता आमंत्रण!"

आणि मावशीने बोलावलं म्हटल्यावर बाकीचे कसे मागे राहतील? कुमुदताईंनीही कुंकू लावून लिहिलं होतं, "सर्व तयारी झाली आहे. तू येणार असे धरूनच आम्ही चाललो आहोत." मनोरीच्या मामांनी लिहिलं होतं, "पाहुण्यांकरिता होडी सांगून ठेवली आहे. काळजी नसावी."

"होडी?" माझा घास हातात राहिला.

"लग्नाचे पाहुणे त्यांच्याकडे उतरणार होते, ते खाडीपलीकडे राहतात ना," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांनाही ऐकू आलं असावं, तुरुंगातल्या साहेबाला ते कसं ऐकू आलं असेल.

मला माघातली भेट आठवली. साहेबांनी मला बाजूला घेऊन अगदी सहज विचारलं होतं, "बाई, तुमच्याकडे लग्न कुणाचं आहे?" आणि मी सत्यवचनी मास्तरीण, ताठ मानेने म्हणाले होते, "आमच्या घरात लग्नाचं कुणी उरलेलंच नाही, साहेब."

झालं! लग्न नाही, पण सगळे नातेवाईक कैद्याला लग्नाला ये म्हणतायत, तयारी झाली आहे, होडी उभी आहे. साहेबाच्या जागी मी असते तर मीसुद्धा तुरुंगाच्या भिंती मोजून घेतल्या असत्या. मी कपाळावर हात मारला. कुमुदताई आधी पांढऱ्या पडल्या आणि मग इतक्या हसायला लागल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"तरीच तो सफारीवालो!" परबकाकू ओरडल्या. लग्नात एक सफारी घातलेला माणूस होता. "माका वाटला व्याह्यांकडचो. व्याह्यांक वाटला आमच्याकडचो. बरो जेवलो मेलो, जिलेबी मागून घेतल्यान. मगे इचारता कसो, दत्ता येतलो काय? मी म्हटलंय, येवक गावला असता तर इलो नसतो? बरो माणूस दिसलो म्हणान सगळा सांगलंय, भाचो कसो झालो ता पण. जाताना तेका नारळ दिलंय."

म्हणजे लग्न खरं निघालं आणि नाती खोटी. तेव्हापासून कार्डं बंद.

परब आतापर्यंत बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आता नको ती भानगड. साधी चार माणसं म्हणून अर्ज करा. पोलीस परत दारात नको यायला."

"अर्ज मी लिहिते," कुमुदताई म्हणाल्या.

"अर्ज कित्याक?" परबकाकू उठल्या. "म्हयनोभर अर्ज फिरतलो, थंय झील, आमचो दत्ता, सही करतलो. आमी नातेवाईक ना? मगे भेटाक जावया. तोंड बघूनच ठरवंदे तेंका. आणि पोलीस इले तर सांगा, जिलेबी संपली."

मी दोघींकडे बघत राहिले. माझी चुलत माणसं तुरुंगाचं नाव काढलं की वाट बदलतात, आणि या बाया लग्नाला निघाल्यासारख्या पातळं काढत होत्या. मला रडू आलं. ते मी चटणीच्या तिखटावर ढकललं.

मनोरी

मामांना घ्यायला मनोरीला गेलो. मार्व्याहून होडीने खाडी ओलांडली की मुंबई एकदम संपते. माडांच्या राया, उंबऱ्याशी वाळत घातलेले बोंबील, पांढऱ्या चुन्याचे क्रूस, आणि पंख्याशिवाय वारा. उतरताना ओहोटी लागली होती. माझा डावा पाय चिखलात गेला तो चपलेशिवायच वर आला. कोळणी हसल्या. एकीने वल्ह्याने चिखल ढवळून पाहिला, पण चप्पल खाडीने ठेवून घेतली.

मामा म्हणजे डिसोझा मास्तर. म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त, बायको वारलेली. माणदेशातल्या मराठ्याचा मामा डिसोझा! हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्यांना सुचलं ते "तुझाच मामा" अशी वळणदार सही करून मोकळे झाले होते. मी एका पायात चप्पल घालून दारात उभी राहिले. त्यांनी आत बोलावलं, पण डोळ्याला डोळा देईनात.

"मी माघापासून लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "एक माणूस आला होता. म्हणाला, तुमचा मुलगा ट्रॉम्ब्याला नोकरीला आहे ना? एवढंच. पुढे काही बोलला नाही. सरकारी नोकरी आहे हो त्याची, तीही अणूच्या कामावर. आणि मला वाटलं, माझ्या आडनावामुळे सगळ्यांचीच पत्रं अडतील. मी गप्प बसलो तर बाकीच्यांची तरी पोचतील."

कुमुदताई काही बोलणार होत्या, मी त्यांचा हात दाबला. भ्यालेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? मी म्हणाले, "मामा, तुम्ही नका येऊ. भाच्याला तुमचा निरोप देते."

त्यांनी आम्हाला तळलेले ओले बोंबील वाढले. ते मात्र मी काट्याची भीती सोडून खाल्ले, इतके मऊ होते. मास्तर स्वतः जेवले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ते आत गेले आणि बायकोची चप्पल घेऊन आले. मला थोडी मोठी झाली.

"जन्मभर पोरांना पत्रलेखन शिकवलं," ते म्हणाले. "मायना कसा लिहावा, शेवट कसा करावा. लिहायची वेळ आली तेव्हा मीच भ्यालो. मुलाला काय सांगायचं ते मी बघतो. थांबा, सदरा बदलून येतो."

तुरुंग

तुरुंग मुंबईच्या बाहेर आहे. तिथलं वर्णन करण्यासारखं काही नाही. सगळ्या सरकारी इमारतींसारखीच ती पिवळी आहे आणि बाकड्यांवर बाया बसलेल्या आहेत.

साहेबांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "सबनीस, परब, डिसोझा. आणि कैदी मराठा. कसली नाती ही?"

"नियमात नातेवाईक म्हटलंय," मी म्हणाले. "जात कुठे विचारली आहे?"

"ठीक आहे. तो ओळखू दे मग." साहेब टेबलाशी बसले. "कुणी एक शब्द बोलायचा नाही. त्यालाच सांगू दे कोण कोण ते. चुकला तर आज भेट नाही आणि पुढे पत्र नाही."

दत्ताने यांना कधी पाहिलेलं नव्हतं. फोटो पाठवायची परवानगी नव्हती.

दत्ताला आणलं. आम्हाला बघून तो दारातच थबकला. साहेब म्हणाले, "हे तुझे मुंबईचे नातेवाईक म्हणे. ओळख."

मामांचं सोपं होतं, पुरुष एकच. "मामा," म्हणून दत्ता वाकला. मग तो वळला. एक वजनदार, हसतमुख, कुंकवाची बाई, आणि एक चष्मेवाली, गंभीर. तो सरळ कुमुदताईंच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, "परब मावशी."

मी डोळे मिटले.

"तुम्ही परब?" साहेबांचा आवाज आला.

कुमुदताई सबनीस. कचेरीच्या हजेरीबुकात जन्मात एक मिनिट खोटं न लिहिलेली बाई. त्या म्हणाल्या, "होय तर!" आणि दत्ताच्या पाठीवर हात ठेवून, मुलुंडच्या शुद्ध तोंडाने जसं जमेल तसं म्हणाल्या, "जेवलंस काय रे झिला?"

ती मालवणी ऐकून मालवणचा समुद्रसुद्धा दोन पावलं मागे सरला असता. पण साहेब नागपूरकडचे होते. दत्ताने चमकून वर पाहिलं. त्याला कळलं. आणि त्याच क्षणी परबकाकूंनी चष्मा नीट केला, पदर खांद्यावरून घेतला, आणि त्या शाळा तपासायला आलेल्या बाईच्या सुरात म्हणाल्या, "दत्तात्रय, प्रकृती कशी आहे तुझी? आमच्याकडे नळाला अजून पाणी नाही."

"बरी आहे, आत्या," दत्ता म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. डिसोझा मास्तरांना जोराचा खोकला आला आणि ते भिंतीकडे वळले.

साहेबांनी टेबलाच्या खणातून तो कागद काढला. "बरं. नाती असू देत. या कागदाचं काय? आज सही केलीस तर चार दिवसांत यांच्या घरी जेवायला जाशील."

दत्ताने कागदाकडे पाहिलं नाही. "साहेब, एवढी मोठी माणसं समोर असताना मी परस्पर सही कशी करू? आमच्यात तशी रीत न्हाई. त्यांनाच इचारा."

साहेबांनी खरंच विचारलं. त्यांना वाटलं असावं, बायामाणसं आहेत, पोराला सोडवायला बघतील.

"नाही," कुमुदताई म्हणाल्या. मालवणी विसरून.

"नाही," परबकाकू.

मास्तरांनी घसा साफ केला. "नाही. आणि माझं नाव डिसोझा, पत्ता मनोरी, तो तुमच्याकडे आहेच."

"तुम्ही बाई? तुम्ही सख्ख्या बहीण. घरी आई अंथरुणावर आहे म्हणता. सांगा."

दत्ता जमिनीकडे बघत होता. मला आईची बाज दिसली, कुशीवर वळताना तिला होणारा त्रास दिसला. हो म्हणायला एकच शब्द पुरला असता आणि तो गाडीत माझ्याशेजारी बसला असता. हे तीन जण दूरचे, त्यांना नाही म्हणायला काय जातं, असंही मनात आलं. मग मास्तरांचा ट्रॉम्ब्याचा मुलगा आठवला आणि त्या विचाराची लाज वाटली.

"न्हाई," मी म्हणाले. "सही करायची न्हाई."

घरी

पत्रं पुन्हा पोचू लागली आहेत. साहेबांनी काय लिहून ठेवलं माहीत नाही. कुमुदताई आता मावशी म्हणून लिहितात आणि परबकाकू आत्या म्हणून. मास्तरांच्या मुलाने बापाशी बोलणं टाकलं आहे, ते मास्तरांनी दत्ताला नाही, मला कळवलं. दत्ता आत आहे आणि दिवाळीपर्यंत आतच राहील असं दिसतं.

मी घरी पोचले तेव्हा सखूबाई आईपाशी बसलेली होती. मला बघून ती उठून उभी राहिली. विचारायची तिला हिंमत होईना आणि मला आईकडे बघायची. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ती सखूबाईकडे वळली.

"बस की गं," आई म्हणाली. "पोरगं आलं न्हाई, म्हंजी त्यानं तुजं नाव घेतलं न्हाई. बस, च्या घेऊन जा."